दिवसाढवळ्या अंधार

मी बोलतोय. हो, मीच. काचेच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, दोन बंद पडलेली घड्याळं आणि एक केस वाळवायचं यंत्र यांच्यामध्ये पडलेला तळहाताएवढा काळा कॅमेरा. जुन्या वस्तूंच्या या दुकानात तुम्ही येता, वाकता, काचेला कपाळ टेकवता आणि म्हणता, "हा लहानसा बरा दिसतोय." दुकानाचा मालक गल्ल्यावरून न उठताच सांगतो, "एकदम मस्त चालतो. फक्त वरची चकती फिरत नाही."

साफ खोटं. चकती फिरते. तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवलीय म्हणून फिरत नाही. एखाद्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि वर सांगायचं की हा जन्माचा मुका आहे, त्यातला प्रकार. ती पट्टी का लागली ते आज सांगून टाकतो. गोड शब्दांत सांगेन असं वचन मात्र देत नाही.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या दालनात झाला. तोंडाला फडकं आणि हातात मोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं. आमच्या घराण्यात दोन शाखा. एका शाखेतले सगळं स्वतःच ठरवतात. तुम्ही बटण दाबा आणि मोकळे व्हा. माझी शाखा दुसरी. आम्ही खिशात मावतो, पण आमची दोरी वापरणाऱ्याच्या हातात असते. भिंगाभोवतालचं कडं फिरवलं की माझी बाहुली लहानमोठी होते. पाठीवरचं चाक फिरवलं की पापणी किती वेळ उघडी ठेवायची ते ठरतं. आणि डोक्यावर ती चकती. तिच्यावरची हिरवी खूण म्हणजे ऑटो, सगळं मी ठरवणार. 'एम' ही खूण म्हणजे मॅन्युअल, सगळं तुम्ही ठरवणार, मी फक्त ऐकणार.

हिरव्या खुणेवर असताना माझा स्वभाव कसा असतो तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. त्या खुणेवर मला अंधार सहन होत नाही. लोकांना उजळ फोटो आवडतात, असं मला जन्मतःच शिकवलंय. म्हणून काळोख्या जागी गेलो की मी पापणी जास्त वेळ उघडी ठेवतो, मिळेल तिथून उजेड ओरबाडून आणतो आणि कोळशाच्या कोठीचा दिवाणखाना करून दाखवतो. बघणारा म्हणतो, वा! काय स्वच्छ फोटो आलाय.

मला निवडणारा माणूस असल्या 'वा' वर भाळणारा नव्हता. एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार होता तो. वाढलेली दाढी, बाहीला शाईचा डाग, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, हा भांडायलाच आलाय. नव्या कॅमेऱ्यांच्या दुकानात दुकानदाराने माझ्या एका चकचकीत भावंडाला त्याच्यापुढे सरकवलं.

"हा घ्या साहेब. याला काही करावंच लागत नाही."

"मग मी कशाला हवा?"

"तसं नाही हो. म्हणजे डोक्याला ताप नाही."

"तापासाठीच पगार मिळतो मला. हाताने ठरवता येईल असा दाखवा. लहान हवा. मोठा कॅमेरा बघितला की माणसं पोट आत घेतात आणि खरं बोलायचं थांबतात."

दुकानदाराने नाइलाजाने मला बाहेर काढलं. छायाचित्रकाराने माझं कडं फिरवून पाहिलं, चकतीवर अंगठा ठेवला आणि विचारलं, "यात अंधार येईल का?"

"अंधारातसुद्धा काचेसारखा फोटो येतो!"

"ते नाही विचारलं. अंधार अंधारासारखा येईल का?"

छायाचित्रकार खाली वाकला, मला टेबलाखालच्या खोक्यांच्या ढिगासमोर धरलं आणि 'एम' वर ठेवून बटण दाबलं. खोक्यांच्या मागचा काळोख होता तसाच राहिला. तो पहिल्यांदाच हसला. "हाच द्या," म्हणाला. पैसे वर्तमानपत्राच्या कार्यालयाने भरले. म्हणजे निवड त्याची, मालकी त्यांची. हे लक्षात ठेवा.

कार्यालयात त्याला सगळे 'थांबा' म्हणायचे. कारण कुठेही गेला की तो आधी म्हणायचा, "थांबा." नव्या जागी पाऊल टाकलं की लगेच मला काढायचा नाही. उभा राहायचा. डोळे सरावू द्यायचा. तिथल्या माणसाला विचारायचा, "तुम्हाला इथून काय दिसतं?" मग कडं फिरवत, चाक फिरवत, माझ्या पडद्यावरचं चित्र आणि डोळ्यांसमोरचं दृश्य सारखं होईपर्यंत खटपट करायचा. तोवर बाकीच्यांचं फोटो काढून, चहा पिऊन झालेलं असायचं. बॅटरी चार्ज करायला मात्र हमखास विसरायचा, आणि ऐन वेळी मी मिटलो की मलाच शिव्या घालायचा. संत नव्हता तो.

त्याच्या खिशातून मी खूप माणसं पाहिली. एका पुढाऱ्याने पुलाची फीत तीनदा कापली, कारण पहिल्या दोन वेळा त्याचे डोळे मिटले होते. तिसऱ्या वेळी फीत उरली नव्हती, तर पठ्ठ्याने हवेतच कात्री चालवली. रुग्णांना फळं वाटणारे पाहिले. फोटो झाला की तीच टोपली पुढच्या खाटेवर जायची, फळं टोपलीतच. माणसाला स्वतःचा चेहरा उजळ हवा असतो, एवढंच मला वाटायचं. त्यात कुणाचं काय जातं? कुणाचं काय जातं ते मला काजवाल्या मावशींनी शिकवलं.

मावशी एका शिवणकामाच्या कारखान्यात शर्टांना काजं करायच्या. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा. कारखान्याचा हॉल वरच्या मजल्यावर, ट्यूबलाइटनी लखलखलेला, कारण टाके दिसायला हवेत. खाली उतरायचा जिना मात्र बंदिस्त, एकही खिडकी नसलेला. व्यवस्थापकाचा हुकूम होता, दिवसा जिन्यात दिवा लावायचा नाही. बायका तरीही लावायच्या, म्हणून त्याने बल्बच काढून घेतले. जेवणाची घंटा झाली, सगळ्या एकदम निघाल्या, आणि मावशी वरच्या पायरीवरून थेट वळणापर्यंत गेल्या. खुब्याचं हाड मोडलं.

कारखान्याने कळवलं, बाई फोनवर बोलत उतरत होत्या. फोन! तिथे कामावर येतानाच दारावर सगळ्यांचे फोन काढून घेतात. मावशींचा फोन त्या वेळी पहारेकऱ्याच्या खणात होता.

मावशींची लेक कार्यालयात येऊन बातमीदारांच्या टेबलांशी उभी राहिली. कुणी मान वर केली नाही. थांबाने केली. तो दवाखान्यात गेला, मी त्याच्या खिशात.

"काय झालं मावशी?"

"दिसलंच नाही रे बाबा. दारातून पाय टाकला आणि पायरीच नव्हती. म्हणजे असेल, पण मला नव्हती."

"तुमचं म्हणणं काय आहे? काय व्हायला हवं?"

"मी परत मशीनवर बसत नाही, ते कळतंय मला. पण ते म्हणतात मी वेंधळी आहे. आयुष्यभर सुईच्या टोकाशी बोट धरून काम केलं, एकदा टोचून घेतलं नाही, आणि मी वेंधळी? जिना काळा होता एवढं कुणीतरी लिहून द्या. माझं औषधपाणीही त्यावरच अडलंय. पण औषधपाण्याचं जाऊ दे. आधी ते लिहा."

काही दिवसांनी त्याच कारखान्याने नव्या मशीनच्या कौतुकासाठी वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं. थांबाने व्यवस्थापकाचा मशीनवर हात ठेवलेला फोटो काढला, पाहुण्यांसाठी मांडलेल्या बिस्किटांना हात लावला नाही, आणि हळूच जिन्यात सटकला. सवयीप्रमाणे थांबला. डोळे सरावले. आणि दाराच्या फटीतून झिरपणाऱ्या उजेडात पायऱ्या दिसायला लागल्या, अंधुक पण एकेक.

"दिसतंय की," तो स्वतःशीच पुटपुटला. संपलं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात घंटा झाली. दार उघडलं आणि बायकांचा लोंढा आला, भिंतीला हात लावून, एकमेकींचे पदर आणि ओढण्या धरून.

"कोण खांब होऊन उभं राहिलंय इथे? सरका हो!"

"तुम्हाला दिसत नाही का?" थांबाने विचारलं.

"दिसायला जरा उभं राहावं लागतं, दादा. आणि मागची उभी राहू देत नाही. त्या ट्यूबखाली दिवसभर डोळे फोडून इकडे या, मग सांगा दिसतं का!"

थांबा वर चढून हॉलमध्ये गेला. ट्यूबखाली उभा राहिला, मला 'एम' वर ठेवलं आणि हॉलच्या उजेडाप्रमाणे कडं आणि चाक लावलं. हॉलचा एक फोटो काढला. सगळं स्वच्छ, मशीन, दोऱ्याची रिळं, भिंतीवरचं घड्याळ. मग काहीही न बदलता तो दारातून जिन्यात शिरला आणि शिरल्याशिरल्या बटण दाबलं. त्याच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच थांबला नव्हता.

फोटोत पहिल्या पायरीची कड होती, राखाडी रेघेएवढी. तिच्यापुढे काही नव्हतं. विहीर होती. उजेडातून येणाऱ्या डोळ्याला जे दिसतं ते, जसंच्या तसं. हे मी हिरव्या खुणेवर कधीच करू शकलो नसतो. तिथे मी दारातून शिरताच स्वतःला बदललं असतं, पापणी ताणली असती, आणि पायऱ्या आणून दाखवल्या असत्या.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापून आले. दुसऱ्याच दिवशी व्यवस्थापक संपादकांच्या खोलीत येऊन बसला. त्याने स्वतःच्या फोनमधला फोटो पुढे केला. तोच जिना, तेच वळण, आणि पायऱ्या अशा उजळ की वर पाय पसरून पेपर वाचावा.

"दिवसाढवळ्या अंधार कुठून येईल, साहेब? तुमच्या माणसाने अंधार पिकवलाय."

"काय रे हे, थांबा?" संपादकांनी विचारलं.

"त्यांच्याच फोटोत वर बघा ना. बल्बचं होल्डर रिकामं आहे."

संपादकांनी पाहिलं. दिसलंही. पण त्यांनी फोन परत दिला आणि व्यवस्थापकाला विचारलं, "चहा घेणार?"

पुढे मावशींच्या अपघाताची चौकशी बसली. एका लांब टेबलाच्या टोकाला चौकशी अधिकारी, एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला थांबा, आणि पुराव्याची वस्तू म्हणून मध्ये मी. मावशींना आणता येत नव्हतं. त्यांची लेक दाराशी उभी होती, कारण तिला कुणी बस म्हटलं नाही.

"सेटिंग कुणी ठरवलं?"

"मी."

"कॅमेऱ्याने नाही?"

"नाही. मी हॉलच्या उजेडासाठी लावलं आणि जिन्यात ते बदललं नाही. बदललं नाही, हेच तर सांगतोय."

"म्हणजे फोटो किती काळा दिसावा हे तुमच्या हातात होतं."

"आमच्या फोटोला कुणाचा हात लागलेला नाही, साहेब," व्यवस्थापक मध्येच म्हणाला. "यंत्राने जे पाहिलं ते."

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. अहो, यंत्राने पाहिलं नाही, यंत्राने लाडावून दाखवलं! मी त्याच जातीचा आहे, मला विचारा! पण टेबलावरच्या वस्तूला कोण विचारतं?

"त्यांच्या फोटोत दिवा दाखवा," थांबा म्हणाला.

अधिकाऱ्याने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला. "दिवा नाही," तो म्हणाला. "पण उजेड आहे." आणि त्याला त्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. शिकलेला माणूस होता.

मग त्याने शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्ही स्वतः जिन्यात गेलात तेव्हा तुम्हाला काय दिसलं?"

थांबा खोटं बोलू शकला असता. एका वाक्याचं काम होतं. दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीकडे त्याने एकदा पाहिलं.

"आधी काहीच नाही," तो म्हणाला. "थोडं थांबल्यावर पायऱ्या दिसल्या."

"थांबल्यावर दिसल्या," असं म्हणत अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

निकाल आला. छायाचित्र हाताने नियंत्रित केलेले असल्याने ग्राह्य धरता येत नाही. थोडे थांबल्यास पायऱ्या दिसतात हे खुद्द छायाचित्रकारानेच मान्य केले आहे. सदर महिलेने थांबणे आवश्यक होते.

मागून रांग ढकलत असताना, पोटात भूक आणि जेवणाच्या सुट्टीची मिनिटं संपत असताना, तिने थांबायला हवं होतं! हे लिहिणारा माणूस वातानुकूलित खोलीत बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर दिवसाढवळ्या चार दिवे जळत होते.

थांबा निकाल सांगायला मावशींच्या घरी गेला. एक खोली, खिडकीशी खाट, भिंतीशी शिवणयंत्र, त्यावर चादर घातलेली. तो सांगत असताना मावशी छताकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तो फोटो दाखव बरं मला."

थांबाने मला त्यांच्या हातात दिलं. कापडाने घासून कडक झालेली बोटं माझ्या अंगाभोवती आली. त्यांनी पडद्यावर तो जिना पाहिला. बराच वेळ पाहिला.

"हेच," मावशी म्हणाल्या. "अगदी हेच दिसलं होतं."

थांबा खाली मान घालून बसला होता.

"तू तरी खरं कशाला बोलत बसलास रे? मी थांबलोच नाही म्हणायचं की."

"खोटं बोललो असतो तर फोटोही खोटा ठरला असता, मावशी."

"बरोबर आहे बाबा तुझं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "फोटो खरा राहिला. खोटी मी ठरले."

त्यांनी मला परत दिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. लेकीने चहा विचारला. थांबा नको म्हणाला, आणि आम्ही बाहेर पडलो.

त्यानंतरच्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कारखान्याची जाहिरात आली, अर्ध्या पानाची. आणि संपादकांनी फर्मान काढलं, यापुढे सगळे फोटो ऑटोवरच काढायचे, म्हणजे कुणी बोट ठेवायला नको. थांबाचा काही भरवसा नव्हता, म्हणून कार्यालयातल्या व्यवस्था बघणाऱ्या माणसाने मला मागून घेतलं, चकती हिरव्या खुणेवर आणली, पार्सलं बांधायची तपकिरी पट्टी दाताने तोडली आणि माझ्या डोक्यावर दाबून बसवली. दोनदा अंगठा फिरवला, हवा राहू नये म्हणून.

"काम संपलं. आता तुला काही करायलाच नको," तो थांबाला म्हणाला. चेष्टेने म्हणाला असेल.

"मग मी कशाला हवा?" थांबाने विचारलं.

हेच वाक्य तो मला विकत घेताना बोलला होता. तेव्हा त्यात मिजास होती. आता नव्हती. त्याने राजीनामा दिला, जाताना मला मागितलं, विकत घेतो म्हणाला. उत्तर मिळालं, "कार्यालयाची वस्तू आहे." त्याने मला टेबलावर ठेवलं, सवयीने पट्टा गुंडाळून माझ्याखाली सरकवला, आणि गेला. कुठे गेला मला माहीत नाही. मला शोधायला आला नाही, याचा मला राग आहे, आणि तो राग योग्य आहे की नाही हेही मला माहीत नाही.

त्याच्यानंतर मी हातोहात फिरलो. सत्कार, उद्घाटनं, हार, शाली. सगळे उजळ. सगळे खूश. आणि मग एके दिवशी मला पुन्हा त्या कारखान्यात नेलं. कारखान्याला सुरक्षिततेसाठी कसलीशी ढाल मिळाली होती, आणि जाहिरातीसाठी फोटो हवे होते. व्यवस्थापक नव्या छायाचित्रकाराला म्हणाला, "जिन्याचा एक घ्या. उगाच बदनाम झालाय बिचारा."

आम्ही जिन्यात शिरलो. मी ओळखलं. तोच वास, तीच भिंत, हातांनी तेलकट झालेली. वरचं होल्डर रिकामंच होतं. मी सगळा जोर लावला, खरंच लावला. पण डोक्यावर पट्टी होती. बटण दाबलं गेलं आणि माझी पापणी आपोआप ताणली, मी कोपऱ्याकोपऱ्यातून उजेड ओरबाडला, आणि पायऱ्या वळणापर्यंत मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट करून दिल्या. मावशी जिथे पडल्या होत्या ती जागासुद्धा स्वच्छ आली. व्यवस्थापक पडद्यात डोकावला आणि म्हणाला, "हा बघा! याला म्हणतात कॅमेरा."

माझं एवढं कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं.

पुढे बातमीदार फोनवरच फोटो काढायला लागले आणि कार्यालयाने मोडक्या खुर्च्यांबरोबर मलाही काढून टाकलं. असा मी या फळीवर आलो. जिन्यातून बायका अजून भिंत धरून उतरत असतील. फोटोत तो उजळ आहे, तेव्हा बल्ब लावायचं कारण कुणाला असेल?

आता तुम्ही काचेला कपाळ टेकवून उभे आहात. मालकाला विचारताय, लांबचं किती जवळ दिसतं, चेहरा गोरा येतो का, फोनपेक्षा बरा आहे का. विचारा. पण एक ऐका. पट्टी आता वाळलीय, तिचा एक कोपरा सुटलाय. त्याखाली नख घाला आणि ओढा. चकती 'एम' वर आणा. मग भर दुपारी लख्ख उजेडात उभे राहून मला त्या उजेडाला लावा, आणि काहीही न बदलता तुमच्या इमारतीच्या, तुमच्या कचेरीच्या, तुमच्या कारखान्याच्या जिन्यात शिरा. थांबू नका. बटण दाबा.

फोटो काळा आला तर मला परत आणून देऊ नका. मी बिघडलेलो नाही. जिन्यात दिवा नाही.